छायाचित्राखालचे नाव



होमाई व्यारावाला हे नाव भारतातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आता सर्वमान्य झाले आहे. २०११ साली त्यांना पद्मविभूषणही मिळाले. माझा विषय मात्र दिल्लीत नेहरू-माउंटबॅटन यांची छायाचित्रे घेणाऱ्या होमाई हा नाही. त्याआधीची, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकणारी तरुणी मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या वेळी आपला सदलगाही मुंबई इलाख्यातच होता.

१९१३ साली नवसारीस जन्मलेल्या होमाईंचे वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. कॅमेरा त्यांच्या हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे दोघांचा विवाह झाला. तंत्र माणेकशांचे खरे, पण नजर चित्रकलेच्या विद्यार्थिनीची होती. सहाध्यायिनी रेहाना मोगल हिची त्यांनी टिपलेली चित्रे पाहावीत. ती बातमीसाठी घेतलेली नाहीत. एका तरुणीने दुसरीकडे निवांतपणे पाहिलेले त्यांत दिसते. महिला मंडळाच्या सहलीची त्यांची चित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापली, दर चित्रास एक रुपया देऊन! माझ्या मते त्यांचे पुढचे कोणतेही राजकीय छायाचित्र या कोवळ्या कामाच्या तोडीचे नाही.

तरीही हे काम दुर्लक्षित राहिले. 'इलस्ट्रेटेड वीकली'सारख्या साप्ताहिकात आरंभीच्या काळात त्यांची चित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत, कारण त्या अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतले. ते तुपाच्या डब्यावरून नव्हे, तर मोटारीच्या 'डी.एल.डी. १३' या क्रमांकावरून!

१९४२ साली त्या दिल्लीस गेल्या; १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. सबिना गडिहोक यांनी त्यांच्याशी प्रदीर्घ संवाद साधून २००६ साली ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा मुंबईतील ती चित्रे त्यांच्या खऱ्या कर्तीच्या नावे लोकांसमोर आली.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक अडचण भेडसावते. छापील नाव हा आपण भक्कम पुरावा मानतो. येथे तोच पुरावा दिशाभूल करतो. आपल्या घरांतील जुन्या समूहचित्रांच्या कोपऱ्यातला शिक्काही दुकानाचे नाव सांगतो. चित्र कोणी घेतले, काचेवर हात कोणी फिरवला, हे सांगत नाही. होमाईंचे भाग्य एवढेच, की त्या ९८ वर्षे जगल्या आणि विचारणारे आले तेव्हा उत्तर द्यायला स्वतः हजर होत्या.