डिस्क ॲरेचे स्थलांतर

डिस्क ॲरेचे स्थलांतर म्हणजे रेड पद्धतीने एकत्र बांधलेल्या डिस्कचा संच, त्यावरील डेटा न गमावता, एका सर्व्हरमधून दुसऱ्या सर्व्हरमध्ये हलवणे. जुना सर्व्हर नादुरुस्त किंवा कालबाह्य झाल्यास हे काम करावे लागते. डिस्क काढून बसवणे हा त्यातील सोपा भाग आहे. डेटा गमावण्याचे प्रसंग प्रामुख्याने त्यानंतर, नव्या सर्व्हरवर जुना संच जोडण्याऐवजी त्याच डिस्कवर नवा संच तयार केल्यामुळे उद्भवतात.

पार्श्वभूमी

रेड ही संज्ञा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या १९८८ सालच्या शोधनिबंधामुळे रूढ झाली. रेड ५ व रेड ६ या प्रकारांत डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत विभागून सर्व डिस्कवर क्रमाने लिहिला जातो. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी व रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी खर्ची पडते. तुकड्याचा आकार, डिस्कचा क्रम, पॅरिटीची मांडणी आणि डेटा सुरू होण्याचे स्थान यांपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी डिस्क पूर्णपणे निर्दोष असूनही संच वाचता येत नाही.

संचाची ओळख

लिनक्समधील सॉफ्टवेअर रेडमध्ये ही सर्व माहिती प्रत्येक सदस्य डिस्कवरील ‘सुपरब्लॉक’मध्ये साठवलेली असते. संचाचा एकमेव ओळखक्रमांक, रेडचा स्तर, डिस्कचे संचातील स्थान आणि बदलांची मोजणी करणारा ‘इव्हेंट’ आकडा त्यात नोंदवलेला असतो. सुपरब्लॉकच्या १.२ आवृत्तीत तो डिस्कच्या आरंभापासून ४ किलोबाइटवर, तर ०.९० व १.० या आवृत्त्यांत डिस्कच्या शेवटाकडे असतो. संचाची ओळख अशा प्रकारे डिस्कवरच असल्यामुळे नव्या सर्व्हरमध्ये त्या कोणत्या खणात बसवल्या किंवा प्रणालीने त्यांना कोणती नावे दिली, याने फरक पडत नाही. तरीही डिस्क काढण्यापूर्वी त्यांवर अनुक्रम लिहिणे आणि त्यांचे अनुक्रमांक टिपून ठेवणे इष्ट असते. पुढे काही बिघडल्यास तीच टिपणे उपयोगी पडतात.

लिनक्सवरील कार्यपद्धती

स्थलांतरापूर्वी डेटाची स्वतंत्र प्रत घेणे आवश्यक मानले जाते. रेड डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते. चुकीच्या आज्ञेपासून देत नाही. त्यानंतर प्रत्येक डिस्कची स्वचाचणी, ‘एमडीॲडम’ या साधनाच्या ‘एक्झॅमिन’ आज्ञेचे उत्तर अन्यत्र जतन करणे आणि संच रीतसर बंद करणे ही कामे येतात. शेवटचे काम टाळणे महागात पडू शकते. लेखन अर्धवट असताना बंद पडलेल्या रेड ५ संचातील एखादी डिस्कही गैरहजर असेल, तर लिनक्स तो संच आपोआप सुरू करण्यास नकार देते.

नव्या सर्व्हरवर ‘असेंबल’ ही आज्ञा सुपरब्लॉक वाचून संच पूर्ववत जोडते. पहिल्या खेपेस तो केवळ वाचनासाठी उघडून फाइली तपासणे सुरक्षित ठरते. संचाचे नाव बदलून ‘एमडी१२७’ असे दिसले, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. संच परक्या यंत्राचा आहे हे प्रणालीने ओळखले, एवढाच त्याचा अर्थ असतो. मात्र सर्व्हर सुरू होताना संच जोडला जावा म्हणून संरचना-फाइल व आरंभिक रॅम-प्रतिमा अद्ययावत करावी लागते.

‘क्रिएट’ ही आज्ञा याउलट सुपरब्लॉक नव्याने लिहिते. जुन्या एमडीॲडममध्ये तुकड्याचा मूळ आकार ६४ किलोबाइट होता, नंतर तो ५१२ किलोबाइट झाला. सुपरब्लॉकची मूळ आवृत्तीही बदलली. परिणामी जुन्या संचावर ‘तीच’ आज्ञा नव्या सर्व्हरवर दिल्यास निराळा संच तयार होतो आणि लगेच सुरू होणारे पॅरिटीचे पुनर्लेखन जुना डेटा पुसत जाते. संच जोडला न गेल्यास इव्हेंट आकडे ताडून पाहावेत. ज्या डिस्कचा आकडा मागे असतो, ती संचातून आधीच बाहेर पडलेली असते. तिला बळाने सामील करण्याचा प्रयोग करायचाच झाल्यास तो डिस्कच्या प्रतींवर करतात.

हार्डवेअर रेड

रेड कार्डावरील संचाची माहितीही सामान्यतः डिस्कवरच असते, पण तिचा आराखडा उत्पादकानुसार बदलतो. त्यामुळे त्याच उत्पादकाचे सुसंगत कार्ड वापरणे हा भरवशाचा मार्ग होय. अनेक कार्डे दुसरीकडून आलेल्या संचाला ‘फॉरेन’ ठरवून ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ असे पर्याय पुढे ठेवतात. त्यांपैकी दुसरा डिस्कवरील संचाची नोंद काढून टाकतो. बॅटरीवर चालणाऱ्या कॅशमध्ये न लिहिलेला डेटा उरला असल्यास तो डिस्कबरोबर येत नाही, जुन्या कार्डातच राहतो.

झेडएफएस

झेडएफएस या प्रणालीत स्थलांतराची सोय मुळातच आहे. जुन्या सर्व्हरवर ‘एक्स्पोर्ट’ व नव्यावर ‘इम्पोर्ट’ या दोन आज्ञा पुरतात. एक्स्पोर्ट राहून गेले तर संच दुसऱ्या यंत्राच्या वापरात असल्याचा इशारा मिळतो व इम्पोर्ट सक्तीने करावे लागते. जुना सर्व्हर खरोखर बंद असेल तर त्यात धोका नसतो. दोन्ही सर्व्हर एकाच डिस्क-पेटीला जोडलेले असतील, तर दोघांनी एकाच वेळी लिहिल्याने संच कायमचा बिघडतो. नव्या सर्व्हरवर संचाची वैशिष्ट्ये लगेच अद्ययावत करू नयेत, कारण त्यानंतर जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवर परतण्याचा मार्ग बंद होऊ शकतो.

कूटबद्ध संच

संच कूटबद्ध असल्यास किल्ली कोठे आहे हे आधी पाहावे लागते. ती जुन्या सर्व्हरच्या टीपीएम चिपमध्ये बंदिस्त असेल आणि पर्यायी सांकेतिक वाक्यांश ठेवलेला नसेल, तर नव्या सर्व्हरवर संच बिनचूक जोडला जाऊनही त्यातील डेटा उघडता येत नाही.