सुखरूप सुटका : पुण्याच्या बाळंतपणांचा इतिहास

पूर्वी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली की सासरची माणसे टपालवाल्याची वाट पाहात. पत्र आले की आधी एकच ओळ शोधायची : मुलीची सुखरूप सुटका झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. मुलगा की मुलगी, हे त्यानंतर. आता हा 'सुटका' शब्द पाहा. मूल होणे ही आनंदाची गोष्ट, मग तिला सुटका का म्हणायचे? कळा लांबल्या तर बाई 'अडली' म्हणतात. मूल झाले की ती 'मोकळी' झाली. अडणे, सुटणे, मोकळे होणे. आपल्या आज्या-पणज्यांनी ह्या तीन शब्दांत एक मोठे भय साठवून ठेवलेले आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे त्या म्हणत, तेही काही अलंकार म्हणून नव्हे. दुसरा जन्म मिळेलच, अशी हमी कुणालाच नसे.

हे भय कसे कमी होत गेले, ते पुणे आणि पुण्याच्या पश्चिमेच्या मुळशी तालुक्याला धरून सांगायचा विचार आहे. इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. पण प्रत्येक घरात लढली गेलेली ही लढाई, हिचाही इतिहास आहेच.

सुरुवात एखाद्या गरीब झोपडीतून न करता पुरंदर किल्ल्यावरून करू. १४ मे १६५७ रोजी ह्या किल्ल्यावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे सईबाई राणीसाहेबांची प्रकृती ढासळली. बाळाला दूध पाजायला गडाखालच्या कापूरहोळची धाराऊ आली. दोन वर्षांनी, १६५९ साली, सईबाई गेल्या. ह्याच पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. नारायणरावांचा खून झालेला, गंगाबाई गरोदर, आणि साऱ्या बारभाईंचे राजकारण एका बाईच्या पोटातल्या गर्भावर टांगलेले! बाळ चाळीस दिवसांचे होताच त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पण गंगाबाईही थोड्याच वर्षांत गेल्या. राजवैद्य, दासदासी, पैसा, सगळे हाताशी असलेल्या घरांत आयुष्य इतके बेभरवशाचे होते. मग मावळातल्या कुणब्याच्या घरात काय असेल?

तिथे होती सुईण. आजकाल सुईणीला नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. रात्री-अपरात्री, पावसापाण्यात धावून येणारी, कळा देणाऱ्या बाईचा हात धरून बसणारी ती एकटीच असे. नीट होणारे बाळंतपण ती नीट करी. मूल आडवे आले, किंवा नाळ-वार सुटेना, की मात्र तिची विद्या संपे. आणि एक शत्रू तर तिला दिसतच नसे. नाळ कापायला विळा किंवा कोयता, जखमेवर कधी राख तर कधी शेण, आणि त्यातून बाळाच्या अंगात शिरणारे धनुर्वाताचे विष. आपल्याकडे पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. त्या रात्री ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून घरातली माणसे जागतात. नवजात बाळाचा धनुर्वातही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच डोके वर काढतो. तेव्हा पाचवीची ती जाग मला निव्वळ भाबडेपणा वाटत नाही. कारण कळत नव्हते, पण धोक्याची वेळ आयांना बरोबर ठाऊक होती. गरोदरपणी धनुर्वाताची लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, एवढ्याने हा शत्रू हटला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचे जाहीर केले.

आता पुणे शहरात या. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर, विष, नाही तर मुलाचा गळा घोटणे, एवढेच मार्ग उरत. अशा बाईने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे तिने ठरवावे, अशी ही योजना होती. जोतीरावांनी १८८४ साली एका टिपणात लिहिले आहे की तोपर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. मुले मात्र फार थोडी वाचली, कारण गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या औषधांनी ती आधीच खंगलेली असत. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. बाळंतिणीची जात, लग्न आणि अब्रू न विचारता तिला आत घ्यायचे, ही आजच्या कोणत्याही प्रसूती विभागाची पहिली अट. ती पुण्यात प्रथम पाळली गेली एका शिक्षकाच्या घरात.

तुम्ही म्हणाल, त्याच सुमारास पुण्यात ससून रुग्णालय झाले होते ना? होते, १८६७ साली त्याची इमारत पुरी झाली. पण बाळंतपणाला रुग्णालयात जाणे म्हणजे त्या काळी मरायला जाणे वाटे, आणि ती समजूत अगदीच खोटी नव्हती. युरोपातही हीच गत होती. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात १८४७ च्या एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी ज्वराने मेल्या. इग्नाझ झेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टराने ताडले की शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातांनीच हे विष जाते आहे. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि जूनमध्ये तो आकडा शंभरात दोनच्या आसपास आला. बाळंतपणाच्या शास्त्रातला हा मोठा शोध. साधन कोणते, तर हात धुणे! तरीही त्या बिचाऱ्याला मानायला जगाने पुष्कळ वर्षे घेतली.

आपल्याकडे दुसरी अडचण होती. पुरुष डॉक्टरापुढे बाई जायची नाही, आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे पहिले मूल जन्मून दहा दिवसांत गेले. ते दुःख उराशी घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात क्षयाने वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहात राहिली. पण वाट मोडली गेली होती. १८८६ सालीच मुंबईत बायकांनी बायकांसाठी चालवलेले कामा रुग्णालय उघडले. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले, आणि तिथल्या विधवा नि परित्यक्ता ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. सुईणीच्या शेजारी आता शिकलेली नर्स उभी राहिली.

१९४४ साली डॉ. बानू कोयाजी पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा ते अवघ्या ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांच्या हाताखाली ते साडेपाचशे खाटांचे झाले. एवढ्यावर त्या थांबत्या तर चांगल्या प्रशासक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांच्या लक्षात आले की खेड्यातली बाई रुग्णालयात येते ती फार उशिरा; कधी कधी फक्त मरायला येते. म्हणून १९७२ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या वढू गावी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच बायामाणसांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तिचा निष्कर्ष छापून आला : शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. म्हणजे बाई बाळंतपणात वाचली, तरी पुढची वर्षानुवर्षे मुकाट दुखणे काढीत होती. ते कुणी विचारले नव्हते, इतकेच.

शहरात मात्र शस्त्रक्रिया झपाट्याने पुढे गेली. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली एक टाका जगापुढे मांडला. गर्भाशयाचे तोंड सैल असल्यामुळे ज्यांचे गर्भ वारंवार पडत, त्यांना हा टाका घालून मूल पोटात राखता येऊ लागले. जगभरचे डॉक्टर आजही त्याला शिरोडकरांचाच टाका म्हणतात. आणि मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने भारतातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. आईने मुलीला गर्भाशय दिले. दुसऱ्याच दिवशी बडोद्याच्या एका स्त्रीवर तशीच शस्त्रक्रिया झाली, आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला मुलगी झाली. जरा विचार करा : ज्या गर्भाशयात आई वाढली, त्याच गर्भाशयात तिची लेकही वाढली! जगात असे पहिले मूल स्वीडनमध्ये २०१४ साली जन्मले होते. चारच वर्षांत पुण्याने ते करून दाखवले, ह्याचा अभिमान वाटावा असेच हे आहे.

आता मुळशीकडे वळू. पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की चांदणी चौकाची खिंड ओलांडून बावधन लागते. पुढे भूगाव, पिरंगुट, पौड, आणि शेवटी ताम्हिणी, पुण्यापासून पन्नासएक किलोमीटर. एके काळी बावधन म्हणजे वेशीबाहेरचे शेतकऱ्यांचे खेडे. २०२१ साली बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत आले. आज तिथे मोठी रुग्णालये आहेत, प्रसूती विभाग आहेत. अडलेल्या बाईला पूर्वी बाजेवर घालून, नाही तर झोळीत घालून खिंड चढवावी लागे. आता उलट शहरच खिंड ओलांडून तिच्या वाटेवर येऊन बसले आहे. पण ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीपासून तेही दूरच.

हे अंतर का मोजायचे, ते सांगतो. बाळंतपणात माता दगावण्याचे मोठे कारण म्हणजे नंतरचा रक्तस्राव. तो आवरला नाही तर दोन तासांतसुद्धा बाई जाऊ शकते. डॉक्टर मंडळी तीन उशिरांचा हिशेब मांडतात. घरच्यांनी रुग्णालयात न्यायचे ठरवण्यातला उशीर पहिला, वाटेतला दुसरा, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला तिसरा. पहिल्या उशिरावर सासूची संमती लागते, दुसऱ्यावर रस्ता आणि गाडी लागते, तिसऱ्यावर रक्त आणि जागा डॉक्टर लागतो. तिन्ही उशीर मिळून दोन तासांच्या आत बसले पाहिजेत.

ते बसू लागले आहेत, ह्याला आकडे साक्ष आहेत. २००१ ते २००३ ह्या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता मरत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. १९९२-९३ च्या पाहणीत राज्यातली निम्म्याहून कमी बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातली सुमारे ९५. २००५ ची जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशाताई, २०१४ पासून धावणारी १०८ क्रमांकाची गाडी, ह्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

आणि म्हणून एक गोष्ट आग्रहाने मांडतो. रुग्णालयाची बातमी होते ती प्रत्यारोपणाची, तिळ्यांची, दीड किलोच्या बाळाची. त्या व्हाव्यातच. पण १४९ वरून ३३ वर येताना जी हजारो साधी बाळंतपणे झाली, त्यांतले एकही वर्तमानपत्रात आले नाही. मध्यरात्री नर्सने नाडी पाहिली, रक्तदाब चढलेला दिसला, डॉक्टरला उठवले, आणि सकाळी घरी फोन गेला की सगळे ठीक आहे. ही कामगिरी मोजायची तर वाचलेल्या नव्हे, दगावलेल्या बायकांचा हिशेब उघडपणे ठेवावा लागतो. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हावी, तीन उशिरांपैकी कोणता आडवा आला ते लिहिले जावे, आणि पुढच्या बाईसाठी तो दूर व्हावा. ३३ हा आकडा कमी आहे खरा, पण त्यातल्या प्रत्येकीमागे एक रिकामी बाज आहे.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर चार कामे आजच करा. पहिल्या तीन महिन्यांत तिची नोंदणी करा. सगळ्या तपासण्या वेळेवर होऊ द्या. रक्तदाब आणि रक्तातले हिमोग्लोबिन चुकवू नका. रात्री गाडी कुणाची मिळेल आणि रक्त कोण देईल, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. आणि चौथे : तिला बरे वाटत नाही असे ती म्हणाली, तर 'बाळंतपणात असे होतेच' म्हणून तिला गप्प बसवू नका. पहिला उशीर तिथूनच सुरू होतो.