गुडघ्याचे दुखणे मोजणाऱ्या प्रश्नांचा इतिहास

१/९
हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून ग्रामसभा पिके ठरवते. पाणी मोजायला पर्जन्यमापक आहे, विहिरीची पातळी आहे. पण याच अहिल्यानगर जिल्ह्यात दिवसभर उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या बाईचे गुडघे किती दुखतात, हे कशाने मोजायचे? या मोजमापालाही इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/९
सांध्यांच्या झिजेला वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटिश संशोधकांनी क्ष-किरण चित्रावरून या झिजेला ० ते ४ अशा श्रेणी दिल्या. ही पद्धत आजही वापरात आहे. अडचण एवढीच, की चित्र आणि वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही. चित्रात गुडघा पार झिजलेला, तरी माणूस डोंगर चढतो. कुणाचे चित्र बरे असते, पण उंबरा ओलांडवत नाही.

३/९
म्हणून रुग्णालाच विचारावे, हा विचार पुढे आला. कॅनडात निकोलस बेलामी आणि सहकाऱ्यांनी १९८२ पासून काम करून एक प्रश्नावली घडवली. वेस्टर्न ऑन्टारिओ आणि मॅकमास्टर या विद्यापीठांच्या नावांवरून तिला 'वोमॅक' म्हणतात. १९८८ मध्ये तिची पारख प्रसिद्ध झाली. एकूण २४ प्रश्न: वेदनेचे ५, आखडलेपणाचे २, दैनंदिन हालचालींचे १७. प्रत्येकाला ० ते ४ गुण धरले, तर सर्वाधिक त्रास म्हणजे ९६.

४/९
आता ते १७ प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचा. मोटारीत चढता-उतरताना किती त्रास होतो? मोजे घालताना? बाथटबमध्ये शिरताना? कमोडवर बसताना-उठताना? प्रश्नावलीतून एक घर उभे राहते: खुर्च्यांचे, पलंगाचे, थंड हवेतले. त्या घरात जमिनीवर पंगत बसत नाही आणि चुलीपुढे कुणी उकिडवे बसत नाही.

५/९
यातून काय बिघडते? समजा, एखाद्या बाईला खुर्चीवरून सहज उठता येते, सपाट रस्त्यावर चालता येते. पण मांडी घालता येत नाही आणि खुरप्यामागे बसता येत नाही. तिची मजुरी बुडाली, देवळातली बैठक सुटली. या नुकसानीला मूळ प्रश्नावलीत स्वतंत्र ओळच नाही. बेरीज कमी येते आणि कागदावर तिचा आजार सौम्य ठरतो. औषधाने तिला पुन्हा उकिडवे बसता आले, तर तो गुणही कुठे नोंदला जाणार नाही.

६/९
महाराष्ट्रातला टप्पा इथे येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' हा कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन पाहणी केली. दवाखान्यात कोण येते हे पाहत न बसता गावालाच विचारले: कुठे दुखते, काय करता येत नाही? ४ हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी हाडा-सांध्यांचे दुखणे सांगितले.

७/९
चोप्रांच्याच पुण्यातील संधिवात केंद्राने वोमॅकची भारतीय राहणीला अनुसरून सुधारित आवृत्ती तयार केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुडघ्यांच्या झिजेवरील एका आयुर्वेदिक औषधाच्या ३२ आठवड्यांच्या चाचणीत सुधारित वोमॅक हेच एक प्रमुख माप होते. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांना मापात जागा मिळणे वरवर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात 'बरे होणे' म्हणजे काय, याची व्याख्याच त्यामुळे बदलते.

८/९
पर्याय आणखीही आहेत. १९९८ ची ऑक्सफर्ड प्रश्नावली १२ प्रश्नांची. ती गुडघेबदल शस्त्रक्रियेसाठी घडली. त्याच वर्षीची 'कूस' ४२ प्रश्नांची. तीत उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे आहे, पण खेळ आणि करमणुकीच्या गटात! शेतात जे रोजचे काम, ते तिथे मैदानावरचे. काळाची चौकटही वेगळी: वोमॅक साधारणतः गेल्या ४८ तासांचे विचारते, कूस आठवड्याचे, ऑक्सफर्ड ४ आठवड्यांचे. खुरपणीच्या हंगामात आणि ऐन उन्हाळ्यात एकाच गुडघ्याची उत्तरे निराळी येतील.

९/९
म्हणून प्रश्नावली निवडताना आधी पाहावे: ती कुणासाठी घडली, कोणत्या कामांविषयी विचारते, किती दिवसांचे विचारते, थोडी सुधारणा झाली तरी टिपते का, आणि वाचता न येणाऱ्या आजीला ती मराठीत वाचून दाखवली तर तिला प्रश्न आपला वाटतो का. जुनी कागदपत्रे वाचताना आपण विचारतो, हे कुणी लिहिले आणि यात कोण सुटले. दवाखान्यातल्या कागदालाही तोच प्रश्न लागू आहे. आज घरी आजी-आजोबांना विचारून पाहा: गुडघ्यांमुळे कोणते काम सोडावे लागले? उत्तर इथे जरूर लिहा. 🙏