घरगुती समारंभ आणि खिशातला डिजिटल कॅमेरा

फिल्मच्या काळात बारसे किंवा साखरपुडा टिपताना ३६ फोटोंचा रोल जपून वापरावा लागे आणि मिटलेले डोळे रोल धुऊन आल्यावरच कळत. कॅसिओ या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याच्या पाठीवर छोटा रंगीत पडदा होता. मेमरीत ९६ फोटो मावत. पण ते इतके ढोबळ असत की कागदावर छापण्यात अर्थ नसे. तरीही खरा बदल इथेच घडला. काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसू लागला. पाहुणे कॅमेऱ्याभोवती जमू लागले, नावडता फोटो पुसायला लावू लागले, पुन्हा रांगेत उभे राहू लागले. फोटो पाहणे हाही समारंभाचाच भाग झाला.

पुढे मेमरी कार्डे स्वस्त झाली आणि मोजून फोटो काढण्याची सवय सुटली. लहान आकाराची किंमत मात्र प्रकाशात मोजावी लागली. फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असल्याने मंद उजेडात विस्फारलेल्या बाहुल्यांतून शिरलेला प्रकाश आतल्या रक्ताचा रंग घेऊन सरळ भिंगात परते आणि डोळे लाल दिसत. मागची रांग तर अंधारातच राही. आधी एक चमक देऊन बाहुल्या आकसवण्याची युक्ती थोडीफार उपयोगी पडली.

२००५ च्या सुमारास कॅमेरे चेहरे ओळखू लागले. २००७ मध्ये सोनीने हसू दिसताच फोटो टिपणारा कॅमेरा आणला. २०१० नंतर स्मार्टफोनमुळे या कॅमेऱ्यांचा खप झपाट्याने घसरला.