बोलीभेद आणि वाचादोष : अमेरिकेतील एका वादाचा इतिहास

मूल जे बोलते ते सदोष इंग्रजी, की केवळ निराळे इंग्रजी, हा प्रश्न वरकरणी व्याकरणाचा दिसतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या अनेक मुलांचे शालेय भवितव्य ह्याच प्रश्नाच्या उत्तराशी निगडित होते. घरची बोली हा वाचेचा किंवा बुद्धीचा दोष ठरला, की मुलाची रवानगी विशेष वर्गात होण्याचा संभव असे. तोच बोलीभेद ठरला, तर मार्ग शोधण्याची जबाबदारी शाळेकडे जाई.

ह्या बोलीविषयी जुना समज असा होता की, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना इंग्रजी भाषा नीट आत्मसात करता आली नाही आणि तिचे मोडके रूपच पुढे चालत आले. ह्या समजाला मोठा धक्का लॉरेन्झो डाऊ टर्नर ह्यांनी दिला. साउथ कॅरोलायना व जॉर्जिया ह्यांच्या किनाऱ्यावरील ‘गला’ ह्या बोलीचे संशोधन त्यांनी १९३२ पासून चालविले, त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील भाषांचे अध्ययन केले आणि १९४९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वीच्या पंडितांना जे निरर्थक बोबडे बोल वाटले होते, त्यांतील अनेक शब्दांची व व्यक्तिनामांची मुळे आफ्रिकी भाषांत आहेत, हे त्यांनी सप्रमाण दाखविले. तथापि गला ही एका प्रदेशापुरती मर्यादित बोली होती. उत्तरेकडील शहरांतील मुलांच्या इंग्रजीचा प्रश्न तेवढ्याने सुटण्यासारखा नव्हता.

१९६५ मध्ये ‘हेड स्टार्ट’ योजना सुरू झाली आणि गरीब मुलांच्या शिक्षणाकडे राष्ट्राचे लक्ष वळले. त्याच सुमारास ‘भाषिक वंचितते’चा सिद्धान्तही बळावला. मुलांना जणू भाषाच नाही असे गृहीत धरून अध्यापनास आरंभ करावा, अशी भूमिका कार्ल बेराइटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडली. तिला विल्यम लबॉव ह्यांनी १९६९ मध्ये उत्तर दिले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरे देत असे. मुलाखतकार त्याच वस्तीत वाढलेला, तरीही मुलगा खुलेना. पुढच्या भेटीत मुलाखतकाराने बटाट्याच्या वेफर्सची पिशवी नेली, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बसविले आणि स्वतः जमिनीवर बैठक मारली. तोच अबोल मुलगा आता मित्राचे बोलणे तोडून बोलू लागला. भाषेचा अभाव म्हणून जे नोंदले जात होते, ते वस्तुतः परीक्षेच्या प्रसंगाचे फळ होते.

ह्या काळातील अभ्यासाने बोलीचे नियमही उलगडले. ‘ही वर्किंग’ आणि ‘ही बी वर्किंग’ ही दोन वाक्ये शिक्षकाच्या दृष्टीने सारखीच अशुद्ध. बोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पहिल्याचा अर्थ ‘तो आता काम करीत आहे’ आणि दुसऱ्याचा ‘तो काम करीत असतो’. मराठीतील ‘आहे’ व ‘असतो’ ह्यांतील भेद ज्याच्या कानाला परिचित आहे, त्यास ह्यात अव्यवस्था दिसणार नाही. प्रमाण इंग्रजीच्या चालू क्रियारूपात हा भेद दिसत नाही. तो दाखविण्यास क्रियाविशेषण जोडावे लागते. ‘इज’चा लोपही स्वैर नाही. प्रमाण इंग्रजीत जेथे त्याचा संक्षेप करता येतो तेथेच ह्या बोलीत त्याचा लोप होतो. ‘दॅट्स व्हेअर ही इज’ अशा वाक्याच्या अखेरीस होत नाही.

हे ज्ञान न्यायालयात पोहोचण्यास दहा वर्षे लागली. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथील ग्रीन रोड वसाहतीत राहणारी काही गरीब आफ्रिकी-अमेरिकन मुले बहुसंख्य गोऱ्या मुलांच्या शाळेत जात. ती वाचनात मागे पडली आणि त्यांच्यापैकी काहींना अध्ययनदोषाचा शिक्का मिळाला. १९७७ मध्ये त्यांच्या वतीने दावा दाखल झाला. जिनीव्हा स्मिदरमन व लबॉव प्रभृती अभ्यासकांनी साक्षी दिल्या. १२ जुलै १९७९ रोजी न्यायमूर्ती चार्ल्स जॉयनर ह्यांनी १९७४ च्या समान शैक्षणिक संधीच्या कायद्याचा आधार घेऊन निर्णय दिला. मुलांची बोली हा स्वतः अडथळा नाही. शिक्षक तिची दखल घेत नाहीत, नकळत तिला हीन लेखतात आणि त्यामुळे मुलांचे मन वाचनावरून उडते, हा अडथळा होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. शाळेने त्या बोलीतून शिकवावे असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रमाण इंग्रजीचे वाचन शिकविताना घरच्या बोलीचे ज्ञान उपयोगात आणावे, एवढेच सांगितले. शिक्षण मंडळाला ३० दिवसांत योजना सादर करण्याचा आदेश झाला. त्या योजनेचा भर मुख्यतः शिक्षकांच्या प्रशिक्षणावर राहिला; मुलांच्या वाचनाचा मूळ प्रश्न तिने कितपत हाताळला, ह्याविषयी टीकाकार असमाधानी होते.

१९८३ मध्ये अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचाविकार नव्हे, अशी अधिकृत भूमिका घेतली. तरीही लोकमत फारसे बदलले नव्हते. १८ डिसेंबर १९९६ रोजी ओकलंडच्या शिक्षण मंडळाने ‘इबॉनिक्स’विषयी ठराव करताच देशभर गदारोळ उठला. ठरावाची शब्दयोजना सदोष होती आणि मंडळाने ती पुढील महिन्यात सुधारली. परंतु उपहास झाला तो मुख्यतः बोलीचाच. ही बोली नियमबद्ध आहे, असे अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक संस्थेला जानेवारी १९९७ मध्ये ठराव करून पुन्हा सांगावे लागले.

ह्या वादाची दुसरी बाजू वाचा-उपचारतज्ज्ञांसमोर उभी राहिली. प्रत्येक वेगळेपणास बोलीभेद म्हटले, तर ज्या मुलास खरोखरच भाषाविकार आहे त्याला मिळावयाची मदत हुकते. ह्यावर उपाय म्हणून हॅरी सीमूर, टॉमस रोपर व जिल डी व्हिलिअर्स ह्यांनी २००३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. मूल कोणती बोली बोलते हे ती आधी पाहते आणि मग ज्या भाषिक अंगांत बोलीबोलींत फरक नाही, त्यांवरून विकाराचा धोका अजमावते. टर्नर ह्यांच्या ग्रंथानंतर ५४ वर्षांनी मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी त्याची बोली विचारणारे साधन हाती आले.