सभासदाचं लेकरू

बाप गेला किंवा कायमचा अंथरुणाला खिळला, तर लेकराच्या शिक्षणाचं कोणी बघायचं? आपल्या परभणी जिल्ह्याला हा प्रश्न चांगलाच ठाऊक आहे. आज आपण त्याचा थोडा इतिहास पाहू.

१७८८ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन मंडळींनी आपल्या दिवंगत आणि अडचणीतल्या सभासदांच्या मुलींसाठी संस्था काढली. १७९८ मध्ये मुलग्यांचीही सोय झाली. सभासद एकमेकांना ‘बंधू’ म्हणत. बंधूचं लेकरू ते आपलं, असा साधा हिशेब. पण जागा थोड्या आणि अर्ज फार. मग वर्गणीदार मतदान करून मुलं निवडू लागले. म्हणजे बघा, नवरा गेलेल्या बाईनं लेकरासाठी मतं गोळा करायची!

आणि बंधू तरी कोणाला म्हणायचं? मुंबईत १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं, तेव्हा कुठं माणकजी करसेटजींसारख्या हिंदी माणसांना तिथं दार उघडलं.

आता आपल्याकडं या. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, त्यातून कल्याणकारी मंडळ चालतं. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की कामगाराची नोंदणी होते आणि त्याच्या मुलांना शिष्यवृत्ती मागता येते. इथं मतं मागावी लागत नाहीत. हा मोठाच फरक आहे: दानाचा हक्क झाला. पण नोंदणीच नसेल, तर हक्कही नाही.

शेतकऱ्याचं काय? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला २००५ च्या शासननिर्णयानं १ लाख रुपये ठरले. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण तपासते. कुटुंबात कोणाच्या नावावर सातबारा आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं, की परवानाधारक सावकाराचं? मयत बटईनं दुसऱ्याचं रान करत असेल, कर्ज बिगरपरवाना सावकाराचं असेल, तर प्रकरण अपात्र ठरू शकतं.

तपासणी नको, असं आमचं म्हणणं नाही. सरकारी पैसा बघूनच द्यावा लागतो. पण तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही मुलांना एक विचारायचो: ज्या गोष्टीवरून तुम्ही भेद करता, तिचा गरजेशी संबंध आहे का? बापाचं कर्ज कोणाचं होतं, यावरून नुकसानभरपाई ठरवा हवं तर. लेकराच्या कॉलेजच्या फीशी त्याचा काय संबंध? पात्र घरातलं पोरगं आणि अपात्र घरातलं पोरगं एकाच बाकावर बसतात. फी दोघांनाही भरायची असते.

म्हणून भरपाई आणि शिक्षण यांची फाईल वेगळी करावी, एवढीच आमची मागणी आहे. शिक्षणाच्या फाईलवर एकच प्रश्न असावा: घरातला कमावता माणूस गेला आहे का, किंवा कामातून गेला आहे का? यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते आता ऐकू या.