यशवंतराव चव्हाण आणि संरक्षण खाते
१. यशवंतराव चव्हाण (१९१३–१९८४) : महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, चिनी आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. त्यांचा अहवाल गोपनीय राहिला. तरी प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि सेनानेतृत्व यांतल्या उणिवा यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत मांडल्या. पुढे १९६४ ते १९६९ साठी पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाईदल हे तिचे लक्ष्य होते. मनुष्यबळ, प्रशिक्षण आणि खरेदी यांचा एकत्र विचार करून संसदेला उत्तर देणे, ही त्यांच्या कारकिर्दीची खरी कमाई होय.